मायलोमाचे प्राथमिक निदान आणि कारण न सापडलेले दुखणे

माझ्या मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या) कर्करोगाचे, निदान दुखण्यामुळे झाले नाही. एका नेहमीच्या रक्ततपासणीत एकूण प्रथिनांचे प्रमाण जास्त निघाले, म्हणून रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून दाखवणारी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी केली गेली, तिच्या आलेखावर एक टोकदार सुळका दिसला आणि तेथून मी रक्तविकारतज्ज्ञांकडे पोहोचले. एम-प्रथिन (त्या सुळक्यातले असामान्य प्रथिन) 2.3 ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी 16 टक्के, असे माझे आकडे होते. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, मूत्रपिंडे आणि हाडे या चारांपैकी कशालाही धक्का लागलेला नव्हता. या अवस्थेला डॉक्टर स्मोल्डरिंग मायलोमा म्हणतात. आजार आहे, पण त्याने अजून शरीराचे नुकसान केलेले नाही, म्हणून औषध सुरू न करता ठरावीक अंतराने तपासण्या करत राहायचे, असा निर्णय झाला. त्या वेळी मला कुठेही दुखत नव्हते. दुखू लागले ते त्यानंतर.

सुरुवातीला कमरेच्या मागच्या बाजूला, जिथून अस्थिमज्जेचा नमुना घेतला होता, तिथे दुखत राहिले. त्या दुखण्याला कारण होते, जागा ठरलेली होती आणि सांगितल्याप्रमाणे ते ओसरलेही, त्यामुळे त्याची भीती वाटली नाही. पुढे मात्र उजवीकडच्या खालच्या बरगड्यांत ठणका सुरू झाला, पाठीचा मधला भाग अवघडू लागला, मांड्यांत खोलवर ओढ लागू लागली आणि रात्री तळपायांची आग होऊ लागली. यांपैकी एकही दुखणे असह्य नव्हते. निदानाच्या आधी असे काही झाले असते, तर झोपताना मान अवघडली असेल किंवा फार वेळ बसले असेन, असे म्हणून मी ते सोडून दिले असते. आता ते सोडून देता येत नव्हते, कारण तोवर मला या आजाराविषयी पुरेसे कळले होते. बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना दडपतात, त्यामुळे हाडांत पोकळ्या पडतात. त्या बहुधा मणके, बरगड्या, कटीची हाडे आणि कवटी येथे आढळतात, आणि मला नेमके त्यांतल्याच दोन ठिकाणी दुखत होते.

या आजाराचा लिखित इतिहास दुखण्यापासूनच सुरू होतो. 1840 च्या दशकात लंडनमधील थॉमस अलेक्झांडर मॅकबीन या व्यापाऱ्याला छातीत आणि पाठीत तीव्र वेदना होऊ लागल्या. त्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या वैद्यकाकडे पोहोचला आणि त्यात सापडलेल्या प्रथिनाला पुढे या वैद्यकाचेच नाव मिळाले. मॅकबीनच्या बरगड्या मऊ आणि ठिसूळ झाल्या होत्या, हे 1846 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या शवविच्छेदनातच कळले. त्याच्या बाबतीत वेदना आधी आली आणि कारण फार उशिरा सापडले. आमच्यासारख्यांचे उलटे असते. रक्ताच्या चाचणीने आजार आधी कळतो, आणि मग पुढची प्रत्येक कळ, प्रत्येक चमक त्या आजाराच्या खात्यावर मांडायची की नाही, हा प्रश्न रोज समोर उभा राहतो.

दुखण्याविषयी मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मिळालेले उत्तर असे होते : "तुमचे रिपोर्ट स्थिर आहेत, त्यामुळे हे मायलोमाचे दुखणे नाही." उत्तर देणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच होता आणि वैद्यकीयदृष्ट्या ते विधान बहुधा बरोबरही होते. पण भेट तिथेच संपली. दुखणे मायलोमाचे नाही, तर कशाचे आहे, आणि कशाचेही असले तरी त्यावर काय करायचे, या दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या. दुसरीकडे नात्यातली माणसे म्हणत, "कॅन्सर आहे म्हटल्यावर दुखणारच." आणि काही जण त्याच्या नेमके उलट विचारत, "अजून उपचारही सुरू नाहीत, मग दुखेल कसे?" एकाच दुखण्याला कोणी गृहीत धरत होते, कोणी नाकारत होते, आणि या दोन्ही बाजूंपैकी कोणाशीही बोलून मला काही उपयोग होत नव्हता.

पुढच्या भेटीच्या आधी मी कागदावर दोन प्रश्न वेगवेगळे लिहिले. हे दुखणे आजार पुढे सरकल्याचे लक्षण आहे का, हा पहिला. या दुखण्यासाठी आज काय करता येईल, हा दुसरा. माझ्या मते या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो या फारकतीचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि ते मिळेपर्यंत दुसरा प्रश्न आपोआप लांबणीवर पडतो, कारण कारण कळल्याशिवाय उपचार कसा करायचा, असे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही धरून चालतात. वास्तविक दुखण्यावरील बरेचसे उपचार कारण पूर्ण कळण्याआधी सुरू करता येतात. कागद वाचून डॉक्टरांनी दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे दिली, आणि दुसऱ्यासाठी वेदनातज्ज्ञांच्या नावे चिठ्ठीही लिहिली.

पहिल्या प्रश्नासाठीच्या तपासण्या क्रमाने झाल्या. साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नये, हे मला तेव्हाच कळले. हाडातील खनिजांचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक झिजल्याशिवाय पोकळी एक्स-रेवर दिसत नाही. इतर कर्करोगांत वापरला जाणारा बोन स्कॅनही येथे फारसा उपयोगी नसतो, कारण तो नवे हाड बनण्याची प्रक्रिया टिपतो आणि मायलोमात नेमकी तीच मंदावलेली असते. म्हणून संपूर्ण शरीराचा कमी किरणोत्साराचा सीटी स्कॅन आणि नंतर पाठीचा कणा व कटिभागाचा एमआरआय केला गेला. एमआरआयची वाट पाहणे सर्वांत जड गेले. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने निकष सुधारले, तेव्हापासून एमआरआयमध्ये 5 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असे एकापेक्षा जास्त डाग दिसले, तर तो सक्रिय मायलोमा मानून उपचार सुरू केले जातात. थोडक्यात, माझे नाव कोणत्या रकान्यात जाणार, हे त्या चित्रांवर ठरणार होते. डाग दिसले नाहीत. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधील चकती थोडी झिजलेली दिसली, तशी ती माझ्या वयाच्या अनेकांची दिसते, आणि तिने कोणतीही नस दाबलेली नव्हती. बरगड्यांच्या ठणक्याला मात्र कोणत्याच चित्राने कारण दिले नाही.

तळपायांच्या आगीचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागला. रक्तात असामान्य प्रथिन असलेल्या काहींना नसांचा विकार होतो. क्वचित या प्रथिनाचे हलके तुकडे अवयवांत साचून अमायलॉइडोसिस होतो आणि तो नसांबरोबरच हृदय व मूत्रपिंडांनाही इजा करतो. म्हणून लघवीतील प्रथिन, हृदयावरील ताण दाखवणारी रक्तचाचणी, ब12 जीवनसत्त्व, रक्तातील साखर आणि थायरॉइड, असे सगळे पाहिले गेले आणि नसांमधील विद्युतवहनाची चाचणीही झाली. सर्व ठीक निघाले. विद्युतवहनाची चाचणी जाड नसांची स्थिती दाखवते, आग आणि जळजळ वाहून नेणाऱ्या अगदी बारीक तंतूंचा बिघाड तिच्यात दिसत नाही, हे न्यूरॉलॉजिस्टनी आपणहून सांगितले. चाचणी ठीक असणे म्हणजे तक्रार खोटी असणे नव्हे, असे एखाद्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकणे किती आवश्यक होते, हे मला ते ऐकल्यावरच जाणवले.

एक कारण मात्र सापडले, आणि ते अगदी साधे होते. माझे ड जीवनसत्त्व 11 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होते. 20 च्या खालचे प्रमाण सर्वसाधारणपणे कमतरता धरले जाते, आणि तीव्र कमतरतेत हाडे व स्नायू खोलवर दुखू शकतात. डॉक्टरांनी ते भरून काढण्यासाठी औषध दिले, पण मध्ये मध्ये कॅल्शियम तपासण्याची अट घातली, आणि कॅल्शियमच्या गोळ्या मनाने घेऊ नका, असे बजावले. मायलोमात हाडे झिजल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि ते वाढणे हे आजार सक्रिय झाल्याचे एक चिन्ह असते. बाहेरून कॅल्शियम भरत राहिल्यास तेच धोक्याचे ठरू शकते, शिवाय चाचणीचा अर्थ लावणेही अवघड होते. काही महिन्यांत मांड्यांची ओढ जवळजवळ थांबली. बरगड्या आणि तळपाय मात्र तसेच राहिले.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळायला हवी होती, ती मला उशिरा सांगितली गेली. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातील वेदनाशामके मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. मायलोमात प्रथिनांच्या तुकड्यांमुळे मूत्रपिंडांना आधीच धोका असतो, म्हणून ती शक्यतो टाळावीत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. ती औषधांच्या दुकानात सहज मिळतात, कधी सर्दीच्या गोळीतही मिसळलेली असतात, त्यामुळे पाकिटावरील घटक वाचण्याची सवय लावून घ्यावी लागली. सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य द्यायचे असेल तर आपल्या निदानाची माहिती तिथे आधी द्यायची, हेही त्याच यादीत येते. माझ्यासाठी पॅरासिटामॉल मर्यादित प्रमाणात, बरगडीवर लावायची लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी आणि शेक, एवढ्यावर सुरुवात झाली.

वेदनातज्ज्ञांनी रात्री अमिट्रिप्टिलीनची लहान मात्रा सुचवली. घरी येऊन पाकिटातील माहितीपत्रक वाचले तर त्यात औषधाचा गट नैराश्यविरोधी असा दिलेला होता. हे दुखणे मनाचे खेळ आहेत असे यांना वाटते आणि तेच सौम्य शब्दांत मला कळवले आहे, असा माझा समज झाला आणि मी गोळी घेतली नाही. पुढच्या भेटीत मी ते सरळ बोलून दाखवले. त्यांनी सांगितले की मेंदूकडून मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे संदेश जात असतात, हे औषध त्या मार्गाला बळ देते, त्यासाठी लागणारी मात्रा नैराश्यासाठीच्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते, आणि नैराश्य नसलेल्यांनाही त्याचा उपयोग होतो. तळपायांची आग त्याने निम्म्यावर आली. तोंड कोरडे पडते आणि सकाळी थोडा वेळ जडपणा राहतो, पण सलग झोप मिळू लागली, आणि झोप मिळाली की दुसऱ्या दिवसाचे दुखणेही वेगळेच असते.

त्याच भेटीत त्यांनी वेदनेविषयी जे समजावले, त्यामुळे माझी विचार करण्याची पद्धत बदलली. वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये नोसिप्लास्टिक वेदना ही संज्ञा स्वीकारली. ऊतींना किंवा नसांना इजा झाल्याचा पुरावा नसतानाही वेदना जाणवण्याची यंत्रणाच अधिक संवेदनशील झालेली असते, अशी ही वेदना. 2020 मध्ये संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेच्या अनुभवाचा आदर केला पाहिजे, हेही तिच्यासोबतच्या टिपांमध्ये नमूद केले. माझे बरगडीचे दुखणे याच प्रकारचे आहे, असे कोणी ठामपणे म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही. पण आजार किंवा भ्रम, या दोनच शक्यता नाहीत, एवढे समजल्याने बराच भार उतरला.

दुखण्याची वही मी त्यांच्याच सांगण्यावरून ठेवली. जागा, प्रकार, वेळ, कशाने वाढले, कशाने कमी झाले आणि 0 ते 10 मधील एक अंक, एवढेच लिहायचे. नुसते "दुखते" असे लिहायचे नाही. ठणका आहे की चमक, आग आहे की बधिरपणा, एका बोटाने दाखवता येते की हात फिरवून दाखवावे लागते, हे लिहायचे. हाडातील इजेचे दुखणे बहुधा एका जागी टिकून राहते, भार पडल्यावर वाढते आणि दिवसेंदिवस वाढत जाते. माझा बरगडीचा ठणका कधी पुढे, कधी पाठीकडे सरकत होता, तासन्‌तास बसल्यावर वाढत होता आणि चालून आल्यावर कमी होत होता. यावरून काही सिद्ध होत नाही, परंतु डॉक्टरांना पुढची पायरी ठरवायला त्याची मदत झाली. वहीत आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक रक्ततपासणीच्या आधीच्या आठवड्यात माझे अंक वाढत होते आणि निकाल हाती आल्यावर उतरत होते. ते वाचताना मला थोडी लाज वाटली. वेदनातज्ज्ञांना मात्र त्यात नवल वाटले नाही. भीतीने स्नायू आवळले जातात, झोप तुटते, लक्ष त्याच जागेवर खिळते आणि मग खरोखरच जास्त दुखते, असे ते म्हणाले. पुढे रोजची नोंद मी बंद केली, कारण अंक देण्यासाठी दिवसातून अनेकदा बरगडी चाचपून पाहण्याची सवय लागू लागली होती. आता आठवड्यातून एकदा लिहिते, आणि काही नवे वाटले तरच मध्ये.

घरातही असाच बदल करावा लागला. माझी मुलगी रोज सकाळी विचारायची, "आई, आज कुठे दुखतंय?" तिच्या विचारण्यात माया होती, पण उत्तर देण्यासाठी मला सगळ्या अंगाची झडती घ्यावी लागे. शेवटी आम्ही ठरवले की दुखणे असेल तर मी सांगेन, तिने विचारायचे नाही, आणि मी काही सांगितले नाही म्हणजे लपवते आहे, असे तिने समजायचे नाही. यातला दुसरा भाग तिला फार जड गेला.

दुखेल या धास्तीने मी वाकणे, वळणे, जिना चढणे टाळू लागले होते आणि त्यामुळे पाठीचे स्नायू आणखी शिथिल झाले होते. फिजिओथेरपिस्टनी माझे स्कॅन पाहिले, हाडात कमकुवत जागा नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आणि मगच व्यायाम ठरवला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मायलोमाचे निदान असलेल्या माणसाने स्कॅन न दाखवता पाठ मोडून घेणे किंवा जोरकस मालिश करून घेणे धोक्याचे आहे. पण हाडे शाबूत आहेत हे कळल्यावर हालचाल टाळण्याचेही कारण उरत नाही. चालणे, श्वासाबरोबर बरगड्या फुलवण्याचे व्यायाम आणि हळूहळू वाढवत नेलेले वजन, एवढ्याने पाठीचे अवघडणे बरेच कमी झाले.

कोणत्या दुखण्यासाठी फोन करायचा आणि कोणत्यासाठी थांबायचे, हे रक्तविकारतज्ज्ञांकडून लिहून घेतले आहे. एकाच जागी नवे दुखणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले किंवा वाढत गेले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवायचे. किरकोळ हालचालीनंतर पाठीत अचानक तीव्र कळ आली, तर त्याच दिवशी. पायांतील ताकद कमी झाली, मांड्यांच्या आतील भागात बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर थेट तातडीच्या विभागात, कारण मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो. सतत तहान, बद्धकोष्ठता आणि गुंगी एकत्र आली, तर कॅल्शियमची तपासणी. या यादीत न बसणारे दुखणे आले, की आता मी आधी शेक घेते आणि हातातले काम पुढे चालू ठेवते. ही सीमा मी स्वतः आखली असती तर रोज हलवत बसले असते. ती दुसऱ्या कोणीतरी, मी शांत असताना आखून दिली, म्हणूनच ती टिकली.

भविष्याचे आकडे मी एकदाच नीट समजून घेतले. स्मोल्डरिंग मायलोमा सक्रिय होण्याची शक्यता पहिल्या 5 वर्षांत दरवर्षी सुमारे 10 टक्के, पुढील 5 वर्षांत दरवर्षी सुमारे 3 टक्के आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे 1 टक्का असते. ही सर्वांची सरासरी आहे. एम-प्रथिन, फ्री लाइट चेनचे (प्रथिनाच्या रक्तात सुट्या फिरणाऱ्या हलक्या तुकड्यांचे) गुणोत्तर आणि प्लाझ्मा पेशींचे प्रमाण यांवरून प्रत्येकाची जोखीम वेगळी ठरते, आणि जास्त जोखीम असलेल्यांना आता लवकर उपचार देण्याचाही विचार केला जातो. माझी जोखीम मधली निघाली. या आकड्यांत माझ्या बरगडीविषयी काहीच नाही, हे लक्षात आल्यापासून दुखू लागले की आकडे उघडून बसण्याचे मी थांबवले.

गेल्या तपासणीत एम-प्रथिन 2.4 आले. एवढा फरक मोजणीतील चढउतारात मोडतो, असे डॉक्टरांनी सांगितले. बरगडीचा ठणका अजून अधूनमधून येतो आणि त्याचे कारण सापडलेले नाही. माझ्या फाइलमध्ये आता "उजव्या बरगडीत वेदना, कारण अनिश्चित, उपचार सुरू" अशी ओळ आहे, आणि ती लिहिली जावी असा आग्रह मीच धरला होता, म्हणजे नवे डॉक्टर भेटले तरी पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागू नये. पुढच्या भेटीत अमिट्रिप्टिलीनची मात्रा कमी करून पाहायची आहे आणि एमआरआय पुन्हा केव्हा करायचा, ते ठरवायचे आहे.